बावखलातलं जहाज

मी जहाजांवर डॉक्टरेट केली आणि मला धड पोहता येत नाही. ही गंमत मी वर्गात, लग्नात, कुठेही सांगतो. लोक हसतात आणि विषय बदलतो. विषय बदलला की मला बरं वाटतं, कारण त्या प्रबंधातलं पाचवं प्रकरण मी कसं मिळवलं हे कुणी विचारू नये अशीच माझी इच्छा असते. आज कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. आधीच इतका उशीर केलाय की आणखी थांबण्यात काही अर्थ नाही.

विषय सोपा आहे. खोल समुद्रात जहाज ऐटीत चालतं. तेच जहाज खाडीत, कालव्यात किंवा बंदराच्या तोंडाशी उथळ, अरुंद पाण्यात शिरलं की बिथरतं. तळाखाली पाणी थोडं असतं. जहाज पुढे सरकलं की त्या एवढ्याशा फटीतून पाण्याला पळत मागे जावं लागतं. पाणी पळालं की दाब उतरतो आणि दाब उतरला की जहाज खाली बसतं. वेग वाढवा, आणखी बसतं. एका बाजूला काठ जवळ असेल तर त्याचा मागचा भाग काठाकडे ओढला जातो. हे सगळं मी एकदा आईला सांगितलं. ती वाल सोलत होती. म्हणाली, मग हळू चालवावं. मी हसलो होतो. पुढे मी जो जाडजूड ठोकळा लिहिला त्याचा सारांश यापेक्षा फारसा वेगळा नाही.

आमचं घर वसईत, गिरीजला. वडिलांची वाडी होती, केळी आणि नारळ, मध्ये मध्ये भाजी. वाडीच्या टोकाला बावखल. बावखल म्हणजे आमच्याकडचं जुन्या लोकांनी खणलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, विहिरींना गोडं ठेवतं आणि उन्हाळाभर वाड्यांना पुरतं. आमचं बावखल चार घरांत सामाईक होतं. प्रत्येकाचा पंप, प्रत्येकाची पाळी. कागदावर काही नव्हतं, पण एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती: उन्हाळ्यात तळ उघडा पडेल इतकं पाणी कुणी उपसायचं नाही. समुद्र जवळ आहे. गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर बसलेलं असतं, आणि वरचं काढलं की खालचं वर येतं. हे सांगायला वडिलांना कुठल्याही विद्यापीठात जावं लागलं नव्हतं.

मी मात्र गेलो होतो. अभियांत्रिकी कॉलेजात शिकवायचो, डॉक्टरेटसाठी दोन वर्षांची रजा काढली होती आणि त्यातलं दीड वर्ष सरलं होतं. आमच्या संस्थेत जहाजांची मॉडेल्स ओढायची एक लांब टाकी होती. ती नेमकी माझ्या वेळेला गळायला लागली आणि दुरुस्तीसाठी बंद झाली. कधी सुरू होईल विचारलं की सगळे वर बघायचे. रजा संपत आलेली, आकडे शून्य. झोप उडाली होती माझी. तेव्हा एका रविवारी बावखलाच्या काठावर बसलो असताना ही अक्कल सुचली. म्हटलं, टाकी टाकी काय करतोस, ही काय टाकी नाही? मार्गदर्शक सरांना सांगितलं. ते आधी हसले, मग म्हणाले, करून बघा, पण पाण्याची खोली बदलायची असेल तेव्हा तळ वर उचला, पाणी खाली नेऊ नका. ते त्यांनी प्रयोगाच्या सोयीसाठी सांगितलं होतं. मी ऐकलं असतं तर आज हे लिहायची पाळी आली नसती.

आता काकांबद्दल. काका म्हणजे कुंपणापलीकडचे शेजारी, नात्याने कुणी नव्हेत. त्यांच्या वाडीत पानवेल होती. एके काळी आमच्याकडे खूप जणांची होती, नव्वदच्या दशकात मोजक्यांची उरली होती, कारण ते काम म्हणजे तान्हं मूल सांभाळण्यासारखं. ऊन जास्त नको, वारा नको, पाणी रोज पण थोडं, आणि पाणी गोडंच हवं. काका दिवसातून चार वेळा वेलींतून हात फिरवत जायचे. माझ्यावर त्यांचा फार जीव. आपल्या आळीतला मुलगा जहाजं शिकतोय याचं त्यांना माझ्या वडिलांपेक्षा जास्त कौतुक. आमच्या घरची बोली मी इथे लिहीत नाही, बाहेरच्याला कळायची नाही, पण काका मला त्या बोलीत ‘कप्तान’ म्हणायचे आणि ते ऐकून मी लाजायचो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आदल्या वर्षी काकींचं ऑपरेशन झालं होतं आणि त्या अडचणीत काकांनी एका टँकरवाल्याला स्वतःच्या विहिरीतून बारा दिवस पाणी भरू दिलं होतं. त्या काळात वसईत टँकर हा शब्द शिवीसारखा होता. आमच्या पाण्यावर नव्या इमारती उभ्या राहत होत्या आणि गावोगाव लोक टँकर अडवत होते. आळीतल्या लोकांनी काकांना जाब विचारला. काकांनी सगळ्यांसमोर चूक कबूल केली, पुन्हा करणार नाही म्हणाले, आणि केलं नाही. पण लोक विसरले नव्हते.

एप्रिल महिना लागला तसा मी कामाला लागलो. बावखलाचं आमच्या बाजूचं टोक अरुंद होतं, केळीच्या आडोशाला. तिथे वाळूची पोती आणि चिकणमाती घालून बांध घातला आणि आठ-दहा पावलांचा कालवा वेगळा केला. चिकणमाती काकांनी स्वतः तुडवून दिली. गुडघाभर चिखलात उभं राहून मला विचारत होते, कप्तान, जहाज किती मोठं? मी खांद्यापर्यंत हात नेऊन दाखवला. आत विटांवर सिमेंटचे पत्रे टाकून सपाट तळ केला. गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने त्याची लेव्हल काढायला मला नऊ दिवस लागले. नऊ दिवस पाठ मोडून घेतली म्हणून तो तळ मला इतका प्रिय झाला की तो हलवायची कल्पनाही सहन होईना. सरांनी तळ उचला म्हटलं होतं. मी म्हटलं, कोण पुन्हा नळी घेऊन बसणार? पंप आहेच की. पाणीच उतरवू.

वडिलांचं तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यांना काळा चष्मा लावून ते ओटीवर बसलेले असायचे. वाडीत जायची मनाई होती. मी त्यांना सांगितलं की बांधाच्या या बाजूचं पाणी त्या बाजूला टाकतोय, वाडीतलं पाणी वाडीतच राहतंय, एक थेंब बाहेर जात नाही. त्यांनी एवढंच म्हटलं की तळ उघडा पाडू नकोस. मी हो म्हटलं. पण माझ्या कालव्यात खालून पाणी पाझरायचं. दोन बोटं उतरवलं की तासाभरात एक बोट भरायचं. पातळी धरून ठेवायची म्हणजे पंप चालू ठेवायला हवा. मग मी पंप चालू ठेवला. सलग तीन आठवडे, जवळजवळ दिवसभर. तळ उघडा दिसला नाही, पण पत्र्यांच्या खाली, जिथे मला दिसत नव्हतं, तिथे गोड्या पाण्याचा थर उपसून चालला होता.

त्या तीन आठवड्यांइतका मी कधी सुखी नव्हतो, हेही सांगून टाकतो. पहाटे वारा नसायचा. नारळाच्या झाडाला कप्पी बांधली होती. दोरीच्या एका टोकाला वजन, दुसऱ्या टोकाला माझं लाकडी जहाज. वजनंही काकांच्या घरच्या तराजूतली. वजन सोडलं की जहाज कालव्यातून सरसर पळायचं आणि बघता बघता खाली बसायचं, पुस्तकात लिहिलं होतं तसं. पुढे आणि मागे लावलेल्या पट्ट्यांवर ते किती बसलं ते मी मागून आणलेल्या व्हिडिओ कॅमेऱ्यातून टिपायचो. वजन वाढव, पुन्हा सोड. पाणी उतरव, पुन्हा सोड. वही भरत चालली. काका मधून मधून कुंपणावरून डोकवायचे आणि जहाज बुडालं नाही ना विचारून जायचे.

अशा प्रयोगात रोज पाण्याचं तापमान आणि घनता नोंदवायची असते. घनता काचेच्या तरंगत्या नळीने मोजतात. पहिल्या आठवड्यात गोड्या पाण्याला जी असायला हवी तीच होती. दुसऱ्या आठवड्यात दशांशचिन्हानंतरचा तिसरा आकडा हलला. मी नळी पुसून पुन्हा मोजलं, तेच आलं. तिसऱ्या आठवड्यात तो आकडा पुन्हा एकाने वाढला. पाणी जड होत होतं. पाणी जड का होतं हे शाळेतलं पोर सांगेल. मी काय केलं? मी समीकरणात घनतेची दुरुस्ती घातली, समासात बारीक अक्षरात लिहून ठेवलं, आणि पुढच्या फेरीला लागलो. एक बोट बुडवून जिभेला लावलं असतं तर कळलं असतं. जहाजाच्या तळाखाली किती पाणी आहे याचा अभ्यास करणाऱ्या या दीडशहाण्याने त्या पाण्याखाली काय आहे हे विचारलंच नाही. आणि ते जड झालेलं पाणी मी रोज बांधावरून चार घरांच्या बावखलात ओतत होतो.

मे संपायच्या आत काकांच्या पानांच्या कडा करपल्या. आधी त्यांना ऊन लागल्यासारखं वाटलं, त्यांनी आडोसा वाढवला. मग पानं पिवळी पडून गळायला लागली. त्यांची विहीर माझ्या कालव्याला लागूनच होती, मध्ये फक्त कुंपण. काकींनी त्या पाण्यात भात शिजवला आणि मीठ न घालता तो खारट लागला. तेव्हा सगळ्यांना कळलं. पाठोपाठ दुसऱ्या दोन घरांच्या वांग्यांनी माना टाकल्या, आमच्या केळीच्या पानांनाही तांबड्या कडा आल्या. मी त्या दुपारी कालव्यापाशी गेलो आणि पाणी तोंडात घेतलं. थुंकून टाकलं. पंप बंद केला. प्रयोग तसाही संपला होता, आकडे पुरेसे झाले होते. संध्याकाळपर्यंत बांध फोडला, पत्रे धुऊन भिंतीला लावून ठेवले. वडिलांनी विचारलं, झालं काम? म्हटलं, झालं.

आम्ही ख्रिस्ती. मे महिन्यात आमच्या आळीत क्रुसापुढे रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होते. त्या शनिवारी रोझरी झाल्यावर कुणी उठलं नाही. एक निवृत्त मास्तर अशा वेळी बोलायचे, ते उभे राहिले. पाणी खारं झालंय, म्हणाले, आणि खारं पाणी काही आकाशातून पडत नाही. सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. माझा पंप सगळ्यांनी ऐकला होता, पण पाणी बावखलातच परत पडतंय म्हणून त्याचा कुणाला संशय आला नाही. काका म्हणाले की त्यांनी यंदा एक बादलीसुद्धा बाहेर जाऊ दिली नाही. कुणीतरी मागून म्हणालं, गेल्या वर्षी दिलंस ते? काकांचा बावखलातला वाटा काढून घ्यावा, पंप उचलायला सांगावं, असं बोलणं सुरू झालं. विहीर खारी झालेली, त्यात बावखल बंद झालं तर पानवेल गेली, आणि पानवेलीशिवाय काकांकडे दुसरं काही नव्हतं. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

मग मास्तरांना माझी आठवण झाली. शिकलेला मुलगा समोर बसलाय आणि आपण अंदाज करतोय, असं म्हणून ते माझ्याकडे वळले.

“तू पाण्याचाच अभ्यास करतोस. गेल्या वर्षीच्या टँकरमुळे यंदा पाणी खारं होईल का?”

मी उभा राहिलो. आता सांग, आता सांग, असं आत कुणीतरी म्हणत होतं. ओळीत बसलेले वडील काळ्या चष्म्याआडून माझ्याकडे बघत होते. काकाही बघत होते, पण रागाने नाही, घाबरूनही नाही. वर्गात पहिल्या बाकावरचं पोर मास्तरांकडे बघतं तसे, कान देऊन.

“उपसा जास्त झाला तर खालचं खारं पाणी वर येतं,” मी म्हटलं. “शक्यता नाकारता येत नाही.”

आणि खाली बसलो. त्यात एक शब्द खोटा नव्हता. खोटं बोललो असतो तर निदान फादरपुढे गुडघे टेकून खोटं बोललो असं सांगता आलं असतं. या वाक्याचं काय सांगणार? नंतर कितीतरी वेळा मी स्वतःला विचारलं की मला कशाची भीती वाटली. प्रबंध जाणार नव्हता, आकडे वहीत होते. आमच्या घराचा वाटा गेला असता, हे खरं, पण आमच्याकडे माझा पगार होता. जाणार होता तो फक्त माझा तोरा. शिकलेल्या मुलाने बावखल नासवलं, एवढं ऐकून घेण्याची माझी तयारी नव्हती. माझी सोन्यासारखी अब्रू वाचावी म्हणून मी काकांची अब्रू चव्हाट्यावर आणली.

काकांचा पंप दुसऱ्याच दिवशी उचलला गेला. दोन उन्हाळे बंदी असं ठरलं. पाऊस पडून पाणी हळूहळू निवळलं, पण तोवर पानवेलीची नुसती काड्यांची रांग उरली होती. काकांनी ती स्वतःच उपटली. पन्नाशी उलटलेला माणूस वालीवला प्लास्टिकचे डबे भरण्याच्या कारखान्यात लागला. सायकलने जायचा, दिवसभर उभं राहायचं काम. जानेवारीत त्यांच्या मुलीचं लग्न झालं. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी आळीतल्या बायका बँड लावून विहिरीवर जातात आणि नवरीच्या आंघोळीचं पाणी आणतात. एरवी त्यात पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी काकी, त्यांच्या दोन नणंदा आणि माझी आई, अशा चौघी होत्या. आईने मला फोनवर सांगितलं की बँडवाले मात्र जोरात वाजवत होते. मी गेलो नव्हतो. मला प्रबंध लिहायचा होता.

प्रबंध झाला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पाचवं प्रकरण उघडलं. ते म्हणाले, अशा उघड्यावरच्या प्रयोगात घनतेची दुरुस्ती इतक्या काळजीने केलेली त्यांनी फारशी पाहिली नाही. सर माझ्याकडे बघून अभिमानाने हसले. मी थँक्यू म्हटलं. त्या एका शब्दाची मला आजही शिसारी येते. पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात माझा सत्कार झाला, शाल आणि नारळ. टाळ्या वाजल्या. मागच्या रांगेत कारखान्याची सुट्टी म्हणून आलेले काका होते, आणि सगळे थांबल्यावरही ते टाळ्या वाजवत होते. नंतर जवळ येऊन म्हणाले, कप्तानाचा डॉक्टर झाला. मी त्यांच्या पायांकडे बघत उभा राहिलो. दिवसभर उभं राहून त्यांचे घोटे सुजलेले होते.

पुढे मी कॉलेजात रुळलो, लग्न केलं, नवघरला फ्लॅट घेतला. वडील गेले. काकांच्या घरावरून जावं लागू नये म्हणून आईकडे जाताना मी मागच्या वाटेने जायचो, आणि ही सवय असल्याचं मला स्वतःलाही बरीच वर्षं कळलं नव्हतं. मग एकदा माझी एक विद्यार्थिनी तिची वही घेऊन केबिनमध्ये आली. तिच्या प्रयोगात एक आकडा रोज थोडा थोडा सरकत होता. ती म्हणाली, सर, हे का होतंय ते आधी शोधू, की नुसती दुरुस्ती घालू? तिने साधाच प्रश्न विचारला होता. मी तिला म्हटलं, आधी शोध. ती गेल्यावर केबिनला कुलूप लावलं. घरी आलो, माळ्यावरची ट्रंक उतरवली, ती जुनी वही काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गिरीजला गेलो. पुढच्या वाटेने.

काका ओटीवर होते. कारखाना सुटला होता, गुडघे गेले होते. वाडीत पानवेलीच्या जागी गवत होतं. काकींनी मला बघून आत चहा टाकला. मी बसलोही नाही. बसलो तर बोलता येणार नाही हे मला माहीत होतं.

“काका, तुमचं पाणी टँकरनं खारं झालं नाही. मी केलं.”

आणि सगळं सांगितलं. बांध, पंप, तीन आठवडे, पत्र्यांखालून वर आलेलं खारं पाणी. वही उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि घनतेच्या रकान्यावर बोट ठेवून दाखवलं की इथे गोडं, इथे बिघडलं, इथे मला कळायला हवं होतं. काकांनी चष्मा लावला. पानं सावकाश उलटली. क्रुसापुढे त्या दिवशी ऐकत होते तसंच ऐकत होते. मग वही मिटली, तिच्यावरून हात फिरवला आणि मला परत दिली.

“तू लहानपणापासून मऊ मनाचा,” ते म्हणाले.

मी म्हटलं, काका, मी खरं सांगतोय. ते मान हलवत राहिले. म्हणाले, तूच सांगितलंस ना सगळ्यांसमोर, उपसा झाला की खारं वर येतं? बारा दिवस टँकर भरू दिला तो कुणी? हिच्यासाठी दिला, पण दिलाच ना. सभेनंतरच्या आठवड्यातच ते फादरकडे जाऊन हे कबूल करून आले होते. एकदा करून भागलं नाही, म्हणून दर वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात पुन्हा जात होते. आळीची तीन घरं आपल्यामुळे होरपळली, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. मी पुन्हा वही उघडायला लागलो तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

“त्या दिवशी तू खरं बोललास म्हणून मी वाचलो. नाहीतर जन्मभर शेजाऱ्यांवर संशय घेत बसलो असतो. तुझ्या बापावरसुद्धा घेतला असता.”

काकी चहा घेऊन आल्या. काका त्यांना म्हणाले, बघ, एवढा मोठा माणूस झाला आणि आपलं पाप स्वतःच्या डोक्यावर घ्यायला आलाय. काकींनी कप खाली ठेवला, पदराने डोळे पुसले आणि माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

मी तिसऱ्यांदा सांगायला हवं होतं. मास्तर अजून होते, त्यांच्याकडे जायला हवं होतं. क्रुसापुढे उभं राहून, शक्यता वगैरे न म्हणता, मी केलं असं सगळ्यांना ऐकवायला हवं होतं. तेव्हा काकांनाही ऐकावं लागलं असतं. मी चहा प्यायलो. काकींनी आणखी एक कप दिला, तोही प्यायलो. बाहेर येऊन चपला घालताना माझा जीव भांड्यात पडला. वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलं ते हलकं. सांगून झालं होतं आणि कुणी विश्वास ठेवला नव्हता, याहून सोयीचं काय असणार? वही काखेत मारून मी मागच्या वाटेने आईकडे गेलो आणि जेवून घरी आलो.

काका त्यानंतर चार वर्षं जगले. त्या चार वर्षांत दर उपवासकाळात ते दुखऱ्या गुडघ्यांनी चर्चमध्ये जाऊन माझं पाप आपलं म्हणून कबूल करत राहिले, आणि मी त्यांना ते करू दिलं.